गुळवेल : कोणाला आणि किती?

मंडळी, पोहरादेवीत बोलायचं तर गुळवेलीवर बोलू. ती इथे कुणाला ओळखून दाखवावी लागत नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान. तरी मुंबईच्या केईएममधल्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं, त्यात आम्हाला तर्कशास्त्राचा चांगला धडा दिसतो. ॲलोपॅथीच्या विभागात त्यांनी आयुर्वेदाचं संशोधन आणलं. आजी देत होती म्हणून खरं मानायचं नाही, आणि आजी देत होती म्हणून थोतांडही म्हणायचं नाही. अडथळ्याच्या काविळीचे ३० रुग्ण घेतले, दोन गट केले, एका गटाला नेहमीच्या उपचारासोबत गुळवेल दिली. निष्कर्ष १९९३ साली छापून आले, ते गुळवेलीच्या बाजूचे होते. अर्थात तीस म्हणजे थोडेच, बरं का.

आमची तक्रार एका शब्दाची. 'रसायन' या कल्पनेला या संशोधनात 'इम्युनोमोड्युलेटर' म्हटलं गेलं. त्यात प्रकृती, वय, पथ्य हे सगळं गळालं. तरी 'मोड्युलेट' म्हणजे निदान जुळवून घेणं. बाजाराने त्याचं 'बूस्टर' करून टाकलं! करोनात घरोघरी काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालय म्हणालं, वेल दुसरीच असू शकेल. असेलही. मग कोणती वेल, कोणाला, किती, किती दिवस? औषधशास्त्राचा वर्ग हेच विचारायला शिकवतो. काढा विकणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "नैसर्गिक आहे, साहेब."