कूपर ब्लॅक : अक्षरवळण आणि स्मरण

अक्षरवळणाचा प्रश्न साहित्यसमीक्षेने बहुधा मुद्रकावर सोपविला आहे. जेरार झनेत यांनी १९८७ मध्ये संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांची मांडणी करताना मुद्राक्षरांच्या निवडीचाही त्यांत समावेश केला, तरी चर्चा फारशी पुढे गेली नाही. बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० च्या व्याख्यानात चांगल्या मुद्रणाला स्फटिकपात्राची उपमा दिली होती : पात्र दिसू नये, आशय दिसावा. दीर्घ गद्याला ही भूमिका मानवते. शीर्षकासाठी योजलेली अक्षरे मात्र वाचली जाण्यापूर्वी पाहिली जातात. ‘कूपर ब्लॅक’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शिकागोचे ऑस्वाल्ड कूपर यांचे हे वळण १९२२ मध्ये बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या संस्थेने बाजारात आणले. रेघांची टोके फुगीर व मऊ, अक्षरांच्या पोटातील पोकळ्या लहान, ‘ओ’चा आस मागे झुकलेला. जाडीतून येणारा दरारा ही गोलाई काढून घेते. आवाज मोठा राहतो, पण त्यात दटावणी नसते. जाहिरातीला हा स्वर सोयीचा होता. लहान आकारात मात्र पोकळ्या बुजतात आणि वाचन अडखळते.

१९२२ मध्ये हे वळण ‘जुन्या काळचे’ अर्थातच नव्हते. शिशाच्या खिळ्याची चौकट दोन अक्षरांत अंतर राखत असे. फोटोटाइपसेटिंगमध्ये ती अट उरली नाही. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ही अक्षरे एकमेकांना खेटून बसली आहेत. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ (१९६८) या मालिकेच्या शीर्षकातही हेच वळण आहे. तेथे विषय दुसऱ्या महायुद्धातील होमगार्डच्या वयस्क स्वयंसेवकांचा. एकीकडे तरुणांचे समकालीन संगीत, दुसरीकडे गतकाळाकडे पाहणारा मायाळू उपहास. अक्षर तेच; कालसूचन मात्र भिन्न.

म्हणून ‘रेट्रो’ हा आकाराचा गुण न मानता ग्रहणाचा परिणाम मानावा लागतो. गोलाई अक्षरात असते, स्मरण वाचकाच्या ठायी. आज या वळणातून इंग्रजी वाचकाला सत्तरचे दशक आठवत असेल, तर ते त्या दशकातील वेष्टनांमुळे आणि फलकांमुळे.

अनुवादाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. असे शीर्षक देवनागरीत आणताना जाड, गोल अक्षर मिळू शकते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘बालू’ हे वळण तसे आहे. त्याने खेळकरपणा येईल, पण परक्या दशकाची आठवण येणार नाही. ती हवी असल्यास मराठी वाचकाच्या स्वतःच्या स्मरणातील अक्षरांकडे, जुन्या चित्रपट-फलकांकडे व नाटकांच्या जाहिरातींकडे, वळावे लागेल. ‘बालू’च्या इतर लिप्यांतील रूपांची नावे येथे उद्बोधक आहेत : गुजरातीत ‘बालू भाई’, बंगालीत ‘बालू दा’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’. सलगी तीच, परंतु प्रत्येक भाषेत ती त्या घरच्या नात्यानेच हाक मारते. अक्षरवळणाच्या अनुवादालाही याहून वेगळा मार्ग नाही.