छेदातून वगळलेले

सात-आठ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेवर बोललो होतो. १८७३ साली पुण्यातला एक माणूस आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी मोडून काढणाऱ्या लोकांना अर्पण करतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते. व्याख्यानाचा शेवट टाळ्यांवर व्हावा या मोहापायी मी एक आकडा सांगितला. अमेरिकेतील पंचवीस ते एकोणतीस वयाच्या गोऱ्या तरुणांपैकी शंभरात पंचाण्णवांच्या आसपास हायस्कूल पूर्ण केलेले असतात आणि कृष्णवर्णीयांपैकी नव्वदांहून अधिक. म्हणजे दीडशे वर्षांत अंतर चार-पाच टक्क्यांवर आले आहे! टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी गणिताचे एक निवृत्त शिक्षक जवळ आले. म्हणाले, “अंश कळला हो. छेदात कोणाकोणाला धरलंय?”

मला उत्तर देता आले नाही. पुढची काही वर्षे त्या प्रश्नात गेली. त्या सभेत मी जे बोललो ते खोटे नव्हते, पण जे सुचवले ते चूक होते.

आधी तिकडची रीत सांगायला हवी. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी. आपल्यासारखी सगळ्यांना एकच बोर्डाची परीक्षा नाही. विषयवार क्रेडिट्स जमवायची, ती ठरल्याइतकी झाली की शाळा डिप्लोमा देते. शिकवणारी शाळा, तपासणारी शाळा, उत्तीर्ण ठरवणारीही बव्हंशी शाळाच. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

मी सांगितलेला आकडा शाळांच्या दप्तरातला नव्हताच. तो जनगणना खात्याच्या घरोघरच्या पाहणीतला होता. त्या पाहणीत ‘हायस्कूल पूर्ण’ या रकान्यात जीईडी परीक्षा दिलेलेही येतात. ही परीक्षा १९४२ साली सुरू झाली, शिक्षण अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी. पुढे ती शाळा सुटलेल्या कोणासाठीही खुली झाली. दुसरे म्हणजे, पाहणी घरोघर होते, तुरुंगात होत नाही. कैदी अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. आणि अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पट आहे. शाळा सुटलेला तरुण तुरुंगात गेला की शिक्षणाच्या आकडेवारीतून तो नाहीसा होतो आणि मागे राहिलेल्यांची टक्केवारी आपोआप सुधारते. बेकी पेटिट यांनी २०१२ साली एक आख्खे पुस्तक यावर लिहिले, ‘इनव्हिजिबल मेन’. कृष्णवर्णीयांच्या ज्या प्रगतीचे दाखले दिले जातात, त्यातली बरीचशी या वगळण्यातून आलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. मी वाचनालयात दिलेला दाखला नेमका तसलाच होता.

त्याआधी दोन वर्षे जेम्स हेकमन आणि पॉल लाफाँटेन यांचा लेख आला होता. हेकमन हे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ. जीईडीवाले आणि तुरुंगातले यांचा हिशेब नीट लावला तर हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे खरे प्रमाण सरकारी आकड्यापेक्षा बरेच कमी निघते आणि गोरे व अल्पसंख्य यांच्यातील अंतर आधीच्या पस्तीस वर्षांत मिटतच आलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष. लेख कडक आहे, हिशेब चोख आहे. पण एका ठिकाणी मी अडखळलो. जीईडीवाल्यांची कमाई शाळा सोडलेल्यांच्याच जवळपास राहते, हे हेकमन यांनी १९९३ पासून दाखवत आणले आहे, आणि त्यावरून हे प्रमाणपत्र म्हणजे जवळजवळ काहीच नाही असा सूर लागतो. मी स्वतः नववीत शाळा सोडलेला आणि पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झालेला माणूस आहे. तेव्हा हा सूर मला लागला, हे कबूल करतो. अर्थात १७ नंबरवाल्याची प्रश्नपत्रिका इतरांचीच असते आणि बोर्डही तेच असते. जीईडी ही परीक्षाच वेगळी. फरक मोठा आहे. तरीही मजुरीचा भाव हे शिक्षण मोजायचे एकमेव माप नव्हे, एवढे नोंदवून पुढे जातो. डिप्लोमाच्या अंशात जीईडी धरू नये, हे मात्र मला पूर्ण पटले.

आता शाळांच्या दप्तराकडे येऊ. टेक्सासमधील ह्यूस्टनच्या शाळांचे कौतुक नव्वदीच्या दशकात देशभर झाले. तिथले शिक्षणप्रमुख रॉड पेज २००१ साली थेट देशाचे शिक्षणमंत्री झाले. गळती जवळपास संपली, असा त्या शहराचा दावा होता. शार्पस्टाउन हायस्कूल या, मुख्यतः लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने तर एका वर्षी गळती शून्य दाखवली. त्याच वर्षी तिथून साडेचारशेहून अधिक मुले गेलेली होती. २००३ मध्ये राज्याने सोळा शाळांची दप्तरे तपासली. शाळा सोडून गेलेल्या सुमारे साडेपाच हजार मुलांपैकी जवळपास तीन हजार गळतीत धरायला हवी होती आणि धरलेली नव्हती. दुसऱ्या शाळेत गेला, मायदेशी गेला, जीईडीची तयारी करतो आहे, असे सांकेतिक क्रमांक त्यांच्या नावापुढे टाकलेले होते.

हे वाचताना मला माझ्या शाळेचा जनरल रजिस्टर आठवला. नावापुढे शेरा आहे, ‘दाखला नेला’. कोणी नेला, का नेला, तो घेऊन पोरगे दुसऱ्या शाळेत गेले की विटांच्या भट्टीवर, हे विचारायला रजिस्टरात रकाना नाही. शेरा खोटा नाही. वडिलांनी दाखला खरोखरच नेला होता. ह्यूस्टनचे सगळेच कारकून लबाड असतील, असे म्हणूनच मला वाटत नाही. मुलाच्या जाण्याची विचारपूस कोणाचेच काम नसेल आणि गळतीचा आकडा मात्र वरिष्ठांच्या बढतीचे काम करत असेल, तर सोयीचा शेरा आपोआप पेनात उतरतो.

या प्रकरणांनंतर छेद बांधला गेला. २००८ च्या केंद्रीय नियमाने ठरवले की, नववीत आलेल्या प्रत्येक मुलाचा चार वर्षे माग काढायचा. दुसरीकडे गेल्याचा, देश सोडल्याचा वा मृत्यूचा कागद असल्याशिवाय नाव छेदातून काढायचे नाही, आणि जीईडी अंशात धरायची नाही. २०१०-११ मध्ये या मापाने पहिले आकडे आले. गोरे ८४ टक्के, लॅटिनो ७१, कृष्णवर्णीय ६७, मूळ अमेरिकी आदिवासी ६५. म्हणजे गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात सतरा टक्क्यांचे अंतर. २०१८-१९ पर्यंत गोरे ८९, लॅटिनो ८२, कृष्णवर्णीय ८०. आदिवासी मात्र ७४ वर. त्यांच्याबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही, आणि मीही या वाक्यापलीकडे आज जात नाही.

चार-पाच टक्के कुठे आणि नऊ टक्के कुठे? दोन्ही आकडे सरकारी. काही मुले पाच-सहा वर्षे घेऊन डिप्लोमा मिळवतात, त्यामुळे घरोघरच्या पाहणीत अंतर थोडे कमी दिसणे रास्तच आहे; पण उरलेला फरक जीईडीचा आणि तुरुंगाचा.

तरी सतराचे नऊ झाले, हे खरे मानायचे का? छेद बांधल्यावर हात अंशाकडे वळले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे वॉशिंग्टनचे उदाहरण आहे. राजधानीतील बलू हायस्कूल ही जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीय मुलांची शाळा. २०१७ मध्ये तिथल्या बारावीच्या सगळ्या मुलांना कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून गाजली. रेडिओच्या बातमीदारांनी हजेरी तपासली, तेव्हा निम्म्या मुलांचे तीन-तीन महिन्यांहून अधिक खाडे निघाले. मग शहराने सर्वच शाळांची चौकशी लावली. त्या वर्षीच्या २,७५८ डिप्लोमांपैकी ९३७, म्हणजे शंभरात चौतीस, नियम डावलून दिलेले होते. पुढच्या वर्षी शहराचा आकडा घसरला.

मला मात्र या उदाहरणावरून सगळीच वाढ बनावट ठरवणे मान्य नाही. एक तर कृष्णवर्णीय मुले पुढे आली की ‘काहीतरी गडबड असणार’ म्हणण्याची घाई कोणाला असते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. दुसरे, रॉबर्ट बॅल्फान्झ आणि नेटी लेगटर्स यांनी २००४ साली गळती नेमकी कुठे होते याचा नकाशाच मांडला. पट पाहायचा: नववीत किती आणि चार वर्षांनी बारावीत किती. जिथे साठ टक्केही उरत नाहीत अशा सुमारे दोन हजार शाळा निघाल्या. उत्तीर्ण होणे हा जिथे रिवाजच नाही, अशा शाळांत देशातली जवळपास निम्मी कृष्णवर्णीय मुले होती, गोरी ११ टक्के. पुढच्या दशकात या शाळांची संख्या बरीच घटली, काही बंद झाल्या, काही सुधारल्या. गळती मुलाच्या वर्णाला चिकटलेली नसून शाळेच्या पत्त्याला चिकटलेली आहे, हे त्या नकाशाने दाखवले. वर्ण पत्ता ठरवतो, ही गोष्ट वेगळी.

आणि पत्ता पैसा ठरवतो. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो. सॅन अँटोनिओ शहरात १९६७-६८ साली एजवूड या मुख्यतः मेक्सिकन वस्तीच्या शाळा-जिल्ह्यात दर मुलामागे ३५६ डॉलर होते. त्याच शहरातील श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४. गंमत अशी की कराचा दर एजवूडमध्ये जास्त होता. घरेच स्वस्त, त्याला काय करणार! दिमित्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेचा पैसा आणि शिक्षणाचा लाभ यांचा जो हिशेब मांडला, तो वाचलेल्याला हा खटला परका वाटणार नाही.

तक्त्यात एक रकाना आशियाईंचा असतो, नव्वदीच्या वर. न्यू जर्सीत राहणारा माझा एक भाचा तो मला अभिमानाने दाखवतो. “मामा, आपली मुलं गळत नाहीत.” मी त्याला विचारले, “तुला व्हिसा कशावर मिळाला?” अभियांत्रिकीच्या पदवीवर. १९६५ च्या कायद्यानंतर भारतातून तिकडे गेलेल्यांत शिकलेल्यांचाच भरणा आहे. तिथेही छेद आधीच गाळलेला; गाळण मुंबईच्या वकिलातीत होते, एवढेच.

लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये लष्कराच्या पहाऱ्यात शिरलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांपैकी अर्नेस्ट ग्रीन हा २७ मे १९५८ रोजी तिथून उत्तीर्ण झालेला पहिला. सहाशे मुलांच्या समारंभात इतरांच्या नावांना टाळ्या पडत होत्या. त्याचे नाव पुकारल्यावर मैदान गप्प राहिले. शाळेचा त्या वर्षीचा कृष्णवर्णीय अंश एक. पुढच्या वर्षी गव्हर्नर फॉबस यांनी मुलांना एकत्र बसू देण्यापेक्षा शहरातली हायस्कुलेच बंद ठेवली. बहुतेक गोऱ्या मुलांना खासगी वा परगावच्या शाळा मिळाल्या. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास निम्म्यांना कुठेच शाळा मिळाली नाही. हे सगळे मी त्या निवृत्त शिक्षकांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले: “छेद समजला. पुढच्या व्याख्यानात आधी तो सांगा, आकडा मागून.”