समुपदेशकांची नोंदणी व नूतनीकरण : एक चिकित्सा

ठाणे येथील मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली आणि मनाच्या प्रश्नांसाठी रुग्णालयाबाहेरही जाता येते, ही जाणीव मध्यमवर्गात रुजविली. आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ‘समुपदेशन केंद्र’ ही पाटी अपरिचित राहिलेली नाही. मात्र त्या पाटीमागील व्यक्तीची पात्रता कोण ठरवितो आणि ती टिकून आहे हे कोण तपासतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधू गेल्यास निराशा पदरी येते.

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी करतो. विनानोंदणी व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. (हजार रुपयांत आज समुपदेशनाचे एखादे सत्र होते, एवढेच नमूद करतो.) परंतु हा अधिनियम अपंगत्वाच्या पुनर्वसनासाठी रचलेला असल्याने सर्वसाधारण समुपदेशक त्याच्या कक्षेत येत नाही. ही पोकळी राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ भरून काढील अशी अपेक्षा होती. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आहेत, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक आहेत, मधुमेह-शिक्षकही आहेत. म्हणजे समुपदेशकाची ओळख येथे बव्हंशी रोगाच्या किंवा आरोग्य-कार्यक्रमाच्या नावाने ठरते. प्रथम वर्षात अनुत्तीर्ण होऊन घरी सांगण्यास धजावत नसलेल्या विद्यार्थ्याला कोणताही रोग नसतो. त्याच्याशी बोलणारी व्यक्ती नेमकी कोणत्या नावाखाली नोंदवावयाची, हे या शब्दरचनेवरून उलगडत नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. आपल्या परिसरातील बहुतेक महाविद्यालये या मर्यादेत येतात. ‘पात्र’ या विशेषणाचा अर्थ मात्र निवड समितीलाच लावावा लागणार. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर आलेला अर्जदार आणि मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेला अर्जदार यांत निवड सोपी आहे. पण पदवी आहे, अनुभव नाही. अनुभव आहे, पदवी नाही, अशा दोघांत काय करावे?

नूतनीकरणाची व्यवस्था येथे मदतीस यावयास हवी होती. पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते व त्यासाठी निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. हे गुण प्रामुख्याने परिसंवाद आणि कार्यशाळांतील उपस्थितीवर मिळतात. उपस्थितीच्या प्रमाणपत्रांचे मोल काय, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मधल्या पाच वर्षांत समुपदेशकाने आपली अवघड प्रकरणे कोणा ज्येष्ठापुढे मांडली काय, हे त्यातून कळत नाही.

याउलट गोव्यातील ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित व सतत देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्य व चिंताग्रस्ततेच्या रुग्णांना लाभ झाल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झाले. खाजगी दवाखान्यांत तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही पदवीची अट कठोर केली आणि देखरेखीविषयी मौन पाळले, तर असे कार्यकर्ते बाहेर राहतील व एकाकी पदवीधर आत येतील, ही शक्यता नाकारता येत नाही. तूर्त महाविद्यालयांनी अर्जाच्या नमुन्यात शैक्षणिक अर्हतेखाली आणखी एक रकाना वाढविण्यास कोणत्याही परिषदेची अनुमती लागत नाही : गेल्या वर्षी आपण कोणाच्या पर्यवेक्षणाखाली, किती तास काम केले?