वाचकाची पातळी आणि वाचकाचे स्वातंत्र्य : अनुकूली हायपरटेक्स्टची चिकित्सा

प्रस्तावना :
छापील पुस्तक सर्व वाचकांपुढे एकाच रूपात येते. जे पान नवशिक्याला अवघड जाते, तेच जाणकाराला पाल्हाळिक वाटते. संगणकीय दस्तऐवजाने वाचकाच्या ज्ञानानुसार आपले रूप बदलावे, हा विचार १९९० च्या दशकात ‘अनुकूली हायपरटेक्स्ट’ या नावाने पुढे आला. पीटर ब्रुसिलोव्स्की यांनी १९९६ मध्ये या क्षेत्राचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यांनी आशयाचे अनुकूलन आणि दुव्यांचे अनुकूलन असे भेद केले. प्रस्तुत लेखात या दोहोंची चिकित्सा केली आहे.

ज्ञानाची नोंद :
अशा प्रणालींत बहुधा विषयाची संकल्पनांत विभागणी करून प्रत्येक संकल्पनेपुढे वाचकाच्या ज्ञानाची नोंद ठेवली जाते. वाचकाचे ज्ञान तज्ज्ञाच्या ज्ञानाचा केवळ एक अंश मानले जाते. चुकीची धारणा किंवा वेगळ्या वाटेने आलेली समज या मांडणीत बसत नाही. शिवाय नोंदीचा आधार अनेकदा दुबळा असतो. आइंडहोव्हेन येथे पॉल डे ब्रा यांनी विकसित केलेल्या ‘आहा’ प्रणालीत पान उघडले, की संबंधित संकल्पनेचे ज्ञान वाढल्याचे सामान्यतः गृहीत धरले जाई. पान उलटले म्हणून विषय समजला असे होत नाही, हे अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

दाखविणे आणि लपविणे :
जर्मनीतील ट्रियर येथे लिस्प या संगणकभाषेच्या अध्यापनासाठी तयार झालेल्या ‘एल्म-आर्ट’ची (१९९६) पद्धत अधिक समंजस वाटते. पूर्वज्ञान पुरेसे असेल तेथे दुव्यापुढे हिरवे चिन्ह येते, अपुरे असेल तेथे लाल. परंतु लाल चिन्हाचा दुवाही वाचकास उघडता येतो. बॉयल व एन्कार्नासिओन यांच्या ‘मेटाडॉक’मध्ये (१९९४) स्पष्टीकरण वाचकाच्या पातळीप्रमाणे उलगडते वा मिटते, तेथेही वाचक स्वतः बदल करू शकतो.

याउलट मजकूर परस्पर वगळला गेल्यास काय गाळले हेच वाचकास कळत नाही. एकाच वर्गातील दोन विद्यार्थी एकाच शीर्षकाखाली भिन्न संहिता वाचतात. मग वर्गातील चर्चेस समान आधार उरत नाही. ज्याची पातळी एकदा कमी ठरली, त्याच्यापुढे अवघड मजकूर येतच नाही आणि ती पातळी ओलांडण्याची संधीही हुकते.

निष्कर्ष :
अनुकूलन त्याज्य नाही. मात्र ते वाचकास दिसावे, नाकारता यावे आणि आपल्याविषयीची नोंद त्यास दुरुस्त करता यावी. या तीन अटी पाळल्या, तरच दस्तऐवज शिक्षकाची भूमिका बजावेल. अन्यथा तो द्वारपाल ठरेल.