कावेरीकाठी अभंग राहिला, आख्यान विरत चालले

दक्षिणेतल्या गायकाचा खरा हंगाम मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, चेन्नईच्या सभांमध्ये सुरू होतो. महिनाभर आज या सभेत तर उद्या त्या सभेत गाणे. ती धामधूम ओसरते न ओसरते तोच पौष वद्य पंचमी येते आणि लहानथोर सगळे कलावंत तंजावरपासून 13 किलोमीटरवरच्या तिरुवैयारूची वाट धरतात. कावेरीकाठच्या त्यागराजांच्या समाधीपुढे बिदागी न घेता गायचे, तेही फक्त त्यागराजांचे आणि वाट्याला आलेल्या मोजक्या मिनिटांत, ही तिथली रीत. मग पुन्हा बॅगा भरायच्या. सिंगापूर, सिडनी, न्यू जर्सी, आणि वसंतात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा त्यागराज उत्सव, जो 1978 पासून भरतो आहे. दौऱ्यांच्या मधल्या दिवसांत ध्वनिमुद्रण उरकायचे आणि नवी रचना मोबाइलवर ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायची. कर्नाटक संगीतातल्या नामवंताचे वर्ष आज असे जाते.

या फिरतीत एक मराठी गोष्ट नेहमी बरोबर असते. रागम्-तानम्-पल्लवी झाली, मृदंग-घटमचे तनि आवर्तन झाले, की शेवटच्या अर्ध्या तासात गायक हलक्या रचनांकडे वळतो. तिकडे त्यांना तुक्कडा म्हणतात. जावळी, तिरुप्पुगळ, पुरंदरदासांची पदे, आणि त्यांच्या पंगतीला आता अभंग. तमिळ श्रोते चिठ्ठी पाठवून नामदेव-तुकोबा मागतात आणि अभंग सुरू झाला की सारे सभागृह टाळ्यांचा ठेका धरते. मराठी माणसाचा ऊर भरून यावा असेच हे चित्र आहे. तरीही गेल्या काही वर्षांतली ध्वनिमुद्रणे आणि मैफली एका ओळीने ऐकल्या की एक गोष्ट मनाला टोचत राहते. दक्षिणेत अभंगाची भरभराट चालली आहे, पण ज्या कीर्तनाच्या बोटाला धरून तो तिथे गेला त्या कीर्तनाची रया जात चालली आहे. दोन्हींचे कारण एकच आहे. आजचा दौरा आणि आजचे ध्वनिमुद्रण सात मिनिटांच्या गाण्याला मानवते, अडीच तासांच्या कथेला मानवत नाही.

तंजावरचे मराठे म्हटले की आपण सरस्वती महाल ग्रंथालय, मोडी कागद आणि सरफोजीराजे यांपाशी थांबतो. 1676 ते 1855 एवढा काळ भोसल्यांनी तिथे राज्य केले. त्यागराज 1767 साली तिरुवारूरला जन्मले आणि 1847 च्या जानेवारीत तिरुवैयारूला समाधिस्थ झाले, म्हणजे त्यांचे सारे आयुष्य या मराठी राजवटीच्या काळात गेले. सरफोजींनी दरबारात गायला बोलावले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्यातून कल्याणी रागातली ‘निधि चाल सुखमा’ ही कृती जन्मली, असे परंपरा सांगते. राजाश्रय नाकारणारा हा माणूस उंछवृत्तीवर, गल्लोगल्ली नामसंकीर्तन करत मिळालेल्या धान्यावर राहिला. दौरा म्हणावा असा त्याचा प्रवास उतारवयातला एकच: तिरुपती, कांची, कोवूर, लालगुडी, श्रीरंगम अशी यात्रा. आजही आराधनेच्या दिवशी सकाळी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीचे भजन निघते आणि मगच पंचरत्न कृतींना हात घातला जातो.

याच मुलखात मराठी कीर्तनाने मूळ धरले. तंजावर भागात समर्थ संप्रदायाचे मठ होते, तिथे रामदासी कीर्तन चाले. त्या परंपरेतले मेरुस्वामी पुढे त्रावणकोरात स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले, आणि महाराजांनी कुचेलोपाख्यान व अजामिलोपाख्यान रचले ते याच कथाकीर्तनाच्या धाटणीवर. 1864 च्या चातुर्मासात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तने तंजावरला झाली. ती ऐकणाऱ्या तमिळ मंडळींना जे गवसले त्यातून तंजावर कृष्ण भागवतरांनी आपली हरिकथा उभी केली. 1903 साली ते वारले, तोवर तमिळ देशात कथाकालक्षेप हा एक स्वतंत्र आणि मानाचा कलाप्रकार झाला होता.

कृष्ण भागवतरांनी काय उचलले आणि काय बदलले, हे आपल्या कीर्तनकारांनी आवर्जून अभ्यासावे. आरंभीची पंचपदी त्यांनी ठेवली. निरूपणाची तमिळ भाषा आणि गाण्याचा कर्नाटकी बाज ही त्यांची स्वतःची भर. गोपालकृष्ण भारतींचे ‘नंदनार चरित्रम्’ त्यांनी गाजवले. पण आख्यान पुढे सरकते ते मराठी वृत्तांच्या आणि चालींच्या पायांवर. वर्णन आले की साकी, करुण प्रसंग आला की दिंडी, युद्ध किंवा धावपळ आली की कटाव किंवा खड्ग, आणि अधूनमधून ओवी, अंजनीगीत, अभंग. हातात चिपळ्या, मागे टाळकरी, बाजूला मृदंग. मराठीचा गंध नसलेल्या कितीतरी भागवतरांनी तमिळ शब्दांत साक्या आणि दिंड्या रचल्या, आणि ऐकणाऱ्या आजीबाईंना त्या कुठून आल्या हे माहीत असायचे कारण नव्हते. एखादा कलाप्रकार परमुलखात किती खोल रुजला हे पाहायचे तर त्याचे मूळ नाव विसरूनही तो चालतो का ते पाहावे. या कसोटीला कीर्तन पूर्ण उतरले होते. मृदंगाच्या तंजावर बाणीचे आद्य नाव म्हणून घेतले जाणारे नारायणस्वामी अप्पाही मराठी घराण्यातलेच.

ही कला फिरतीचीच होती. भागवतर आपला ताफा घेऊन गावोगाव, देवळोदेवळी जात, एकेका गावी चार-आठ दिवस मुक्काम टाकून रामायण लावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वतीबाईंनी हरिकथा करायला घेतली तेव्हा साथीला बसायलाही पुरुष कलावंत तयार नव्हते. तरी त्या उभ्या राहिल्या, देशभर फिरल्या, त्यांच्या तबकड्या निघाल्या. 78 आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. कथा मावत नसे, पद मावे. कथेतून गाणे वेगळे काढून विकण्याची सुरुवात तिथेच झाली, पण तेव्हा तबकडी ही कथेची जाहिरात होती. घरी पद ऐकणारा माणूस कथेला येई.

तिरुवैयारूची समाधीही एका कलावंत स्त्रीच्याच कमाईतून मंदिररूप झाली. बेंगळूर नागरत्नम्मांनी आपले किडूकमिडूक विकून 1921 मध्ये त्या जागी बांधकामाचा पाया घातला. तेव्हा आराधना पुरुषांच्या दोन पक्षांत वाटली गेली होती, आणि त्याच जागी गायला मात्र दोन्ही पक्षांनी त्यांना नाकारले. तेव्हा त्यांनी समाधीमागे स्त्रियांची तिसरी आराधना सुरू केली, आणि 1940 च्या सुमारास तिन्ही पक्ष एकत्र आले. सूलमंगलम वैद्यनाथ भागवतर, हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर ही त्या काळातली आराधनेशी जोडलेली मोठी नावे हरिकथेतलीच आहेत. म्हणजे ज्या उत्सवाला आज कर्नाटक गायनाचा मेळा समजतात त्याच्या उभारणीत कथेकऱ्यांचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट आज तिकडेही फारशी बोलली जात नाही.

अभंगाचे दुसरे आगमन वेगळ्या वाटेने झाले. ते मठांतून आले नाही, पुण्या-मुंबईच्या ध्वनिमुद्रणांतून आले. राम फाटकांची चाल आणि भीमसेन जोशींचा गळा यांतून ‘तीर्थ विठ्ठल’ घराघरांत गेले, किशोरी आमोणकरांचे अभंग गेले. ते ऐकत मुंबईत वाढलेल्या तमिळ घरांतल्या मुलींनी पुढे ते चेन्नईच्या मंचावर नेले. अरुणा साईराम मुंबईच्या, रंजनी आणि गायत्री या भगिनीही मुंबईच्या. अरुणाबाईंनी मैफलीच्या शेवटी अभंग ठेवण्याला जी प्रतिष्ठा दिली ती नाकारता येणार नाही. 2018 ची संगीत कलानिधी ही पदवी मिळवणाऱ्या, लंडनच्या प्रॉम्समध्ये 2011 साली गायलेल्या या गायिकेने मराठी संतवाणी आपल्या गाण्याचे अंग मानली. रंजनी-गायत्रींचे अभंग तर आता महाराष्ट्रातही हौसेने ऐकले जातात. पंचम निषादच्या ‘बोलावा विठ्ठल’ या आषाढीच्या कार्यक्रमात त्यांना ऐकायला मुंबईकर गर्दी करतात.

त्यांच्या गाण्यातले सामर्थ्य कुठे आहे ते जवळून ऐकावे. ध्रुवपद मध्यलयीत, साधे मांडले जाते. दुसऱ्या आवर्तनापासून दोन आवाज एकमेकींच्या खांद्यावरून पुढे जातात: एकीने शब्द धरला की दुसरी त्याच्यावर सरगम टाकते. व्हायोलिन हिंदुस्थानी मींडेच्या जवळ येते. मृदंगाची थाप तबल्यासारखी खुली होते. मग ‘विठ्ठल’ या एका नावावर लय चढत जाते आणि लोक टाळ्यांनी तिला उचलतात. विठ्ठलाच्या नावाभोवती एवढा उत्कर्ष बांधणे ही थोर कामगिरी आहे. आपल्याकडच्या कित्येक अभंगगायकांना इतकी स्वच्छ लय सांभाळता येत नाही.

खटकते ते पुढे. लय एकदा चढली की मधली कडवी गळतात. जिथे संताने आपले म्हणणे पुरे केले ते नाममुद्रेचे शेवटचे कडवे घाईत उरकले जाते किंवा येतच नाही. उरते ते नाव आणि ठेका. कीर्तनात हे चालत नाही, कारण बुवा तोच अभंग पूर्वरंगात चरणाचरणाने उलगडतात, त्याच्या प्रमाणासाठी आख्यान लावतात आणि उत्तररंगाच्या शेवटी पुन्हा त्याच चरणाशी येतात. अभंगाला तिथे अर्थाचा आधार असतो. तुक्कड्यात अर्थ सांगायला वेळच नसतो. शिवाय आता बरीच तरुण मुले अभंग शिकतात ती दृकफितींवरून. महाप्राण सुटतात, ‘ठ’चा ‘ट’ होतो, ‘भ’चा ‘ब’ होतो, दंत्य ‘च’ तालव्य होतो आणि चुकीचे रूप पुढल्या गायकाकडे जसेच्या तसे जाते. तमिळमध्ये महाप्राण नाहीत हे खरे, पण हीच मुले त्यागराजांच्या तेलुगू शब्दांसाठी आणि दीक्षितरांच्या संस्कृतसाठी गुरूपुढे महिने घालवतात. मराठीसाठी त्यांना गुरूच मिळत नाही. हा दोष अर्ध्याहून अधिक आपला आहे.

हरिकथेची आजची स्थिती सांगायची तर एंबार विजयराघवाचारियर आणि बन्नीबाई ही जुन्या बाजाची शेवटची मोठी नावे गेली. बन्नीबाईंच्या शिष्या प्रमीला गुरुमूर्तींनी या परंपरेवर संशोधन केले, लिहिले, स्वतः कथाही केल्या. लालगुडी जयरामन यांच्याकडे शिकलेल्या विशाखा हरींनी सभागृहे पुन्हा भरून दाखवली. त्यांचा व्यासंग आणि गायकी दोन्ही पहिल्या प्रतीची, आणि इंग्रजीतून कथा करून त्यांनी परदेशात वाढलेल्या पिढीला ओढून आणले हे मोठेच काम. पण त्यांच्या कथेत कृतींचे वजन वाढले आहे आणि साकी-दिंडीच्या जुन्या वळणांना जागा कमी उरली आहे. त्यांच्यामागे येणाऱ्या मुलांना ती वळणे ऐकायला मिळाली नाहीत तर ती कोण गाणार? सभांच्या वेळापत्रकातही कथा बहुधा अडचणीच्या वेळी पडते. दौऱ्यावर नेताना आयोजक दीड तासात बसवायला सांगतात.

जिथे कथा, नाम आणि नाच अजून एकत्र नांदतात अशी जागा तिरुवैयारूपासून फार लांब नाही. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथे बोधेंद्र सरस्वतींची समाधी आहे, आणि तिथेच विठ्ठलदास महाराजांच्या पुढाकाराने मराठी धाटणीचे भव्य विठ्ठल-रुक्मिणी मंदिर उभे राहिले. त्यांच्या नामसंकीर्तनात शेकडो तमिळ माणसे उभी राहून नाचतात, फेर धरतात, टाळ्या वाजवतात, अभंग तोंडपाठ म्हणतात, आणि मध्येच भजन थांबवून महाराज संताचे चरित्र सांगतात. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दोनशे वर्षांपूर्वी बांधून दिलेल्या भजनपद्धतीत दिव्याभोवती फेर धरण्याचा दिव्यनाम विधी आहे. ती पद्धत गावोगावच्या भजनमठांत टिकून आहे. संगीताच्या कसोटीवर हे गायन सभेतल्या गायनापेक्षा कमी कसदार असेल. पण अभंगाची सगळी कडवी ऐकायची असतील तर मी चेन्नईच्या सभेपेक्षा इथे बसणे पसंत करीन.

दादरची अखिल भारतीय कीर्तन संस्था आणि पुण्याचे नारद मंदिर इथे नारदीय कीर्तन अजून शिकवले जाते. या संस्थांनी दोन कामे मनावर घ्यावीत अशी कळकळीची विनंती आहे. एक, दक्षिणेतल्या तरुण गायकांसाठी अभंगांचे पूर्ण पाठ, शुद्ध उच्चारांत, बुवांच्या निरूपणासह ध्वनिमुद्रित करून मोफत द्यावेत. दोन, एखाद्या तमिळ भागवतरांना इकडे बोलवावे आणि एकाच संध्याकाळी, एकाच आख्यानावर, आधी मराठी कीर्तन आणि मग तमिळ हरिकथा लावावी. दोन्हींतली साकी शेजारी शेजारी ऐकली की आपल्या मुलांना कुठल्याही व्याख्यानापेक्षा अधिक कळेल. आणि वाचकांपैकी जे कोणी पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला जातील त्यांनी पंचरत्न ऐकून लगेच परतीची गाडी धरू नये. दोन दिवस हाताशी ठेवून गोविंदपुरमला जावे, आणि जवळपास कुठे हरिकथा लागली असेल तर भाषा कळत नसली तरी शेवटपर्यंत बसावे.