रुग्णाला काय सांगावे आणि कसे?

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसलेल्या माणसाच्या हाती जी पत्रके पडतात, त्यांच्याकडे विज्ञानलेखन म्हणून कोणी फारसे पाहत नाही. मीरा-भाईंदरमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेली अशी तीन पत्रके आम्ही जपून ठेवली होती: एक आनुवंशिक चाचणीवर, एक प्रोस्टेट ग्रंथीवर, एक पक्षाघातावर. कागद गुळगुळीत, चित्रे रंगीत आणि हेतूही चांगला. तरीही वाचणाऱ्याला त्यातून नेमके काय कळले असेल, हा प्रश्न उरतोच.

पहिले पत्रक थॅलेसेमियाचे. विषय अगदी योग्य; कारण भारतात शंभरांत सरासरी तीन-चार जण या रोगाच्या जनुकाचे वाहक असतात आणि सिंधी, कच्छी लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. वाहक स्वतः निरोगीच असतो. पत्रक म्हणते, "दोघेही वाहक असल्यास चार मुलांपैकी एकाला आजार होतो." हे वाक्य चुकीचे आहे, आणि चूक निरुपद्रवी नाही. पहिले मूल आजारी निघाले की आईवडिलांना वाटते, आता पुढची तीन सुखरूप! वस्तुतः प्रत्येक गरोदरपणात धोका चारांत एक इतकाच राहतो. आधीच्या मुलाची नोंद निसर्ग ठेवत नाही. चार मुले असलेल्या अशा 256 कुटुंबांचा विचार केला, तर सरासरी 81 कुटुंबांत एकही मूल आजारी नसेल आणि काहींत दोन किंवा तीन असतील.

याच पत्रकावर चित्र आहे ते फक्त आईचे. मूल आजारी होण्यासाठी सदोष जनुक दोघांकडूनही यावे लागते. हे एक वाक्य ठळक छापले असते, तर कितीतरी घरांत सुनेला लागणारा बोल टळला असता. शिवाय वाहक ओळखण्यासाठी सुरुवातीला रक्तपेशींची गणना आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी बहुधा पुरते. पत्रक मात्र थेट महागड्या जनुकीय चाचणीकडे बोट दाखवते.

दुसरे पत्रक सांगते : "पन्नाशीनंतर दरवर्षी पीएसए तपासा, प्राण वाचवा." पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. ते कर्करोगात वाढते. तसेच वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरीही वाढते. याचा पत्रकात उल्लेख नाही. चाचणीचा लाभ किती, हे युरोपातील एका मोठ्या अभ्यासाने 23 वर्षे पाहिले. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 13 टक्के कमी झाले. आकडा भरघोस वाटतो. पण तोच निष्कर्ष असाही मांडता येतो : हजार पुरुषांत 16 ऐवजी 14 मृत्यू. एक मृत्यू टळण्यासाठी 456 जणांना चाचणीला बोलवावे लागले आणि 12 जणांना जादा निदान मिळाले. असे कित्येक कर्करोग इतके सावकाश वाढतात, की त्यांचा त्रास आयुष्यभरात झालाही नसता. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. चाचणी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही बाजू समजून घेऊन माणसाने ठरवावे, आणि ते ठरवता येईल इतके पत्रकाने सांगावे.

तिसरे पत्रक त्यातल्या त्यात उजवे आहे. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, लुळ्या खांद्याला आधार कसा द्यावा, याची चित्रे उत्तम आहेत. मात्र लक्षणे ओळखण्यासाठी 'फास्ट' हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा उतरवला आहे. उत्तनच्या कोळीवाड्यातील आजीला त्यातून काय उमजणार? तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, मग घड्याळ पाहा : एवढे म्हटले की पुरे. घड्याळ अशासाठी, की गुठळी विरघळवणारे नेहमीचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. दुसरी उणीव अधिक बोचते. वाचा गेलेल्या रुग्णाची बुद्धी गेलेली नसते, हे घरच्यांना कुठेही सांगितलेले नाही. त्यामुळे त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे सुरू होते, आणि तो ऐकत असतो.

तिन्ही पत्रकांत "आपल्या आरोग्यसेवा प्रदात्याशी संपर्क साधा" हे वाक्य आहे. "डॉक्टरांना विचारा" असे मराठी माणूस म्हणतो. काय विचारायचे, तेही सांगितले तर अधिक बरे.

यात शिक्षकांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नववी-दहावीला आनुवंशिकता शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला दोन नाणी द्या. एक नाणे आईचे, दुसरे वडिलांचे. दोन्ही छापे पडले तर मूल आजारी. प्रत्येकाने चार वेळा उडवून आपल्या 'कुटुंबा'ची नोंद फळ्यावर करावी. काही कुटुंबांत एकही आजारी मूल नाही, काहींत दोन, असे दिसले की पत्रकातले ते वाक्य वाचायला द्या आणि दुरुस्त करायला सांगा. दुरुस्त केलेले वाक्य मुले घरी नेतील, आणि पुढे लग्नाआधी तपासणीचा प्रश्न आला तेव्हा ते त्यांच्या उपयोगी पडेल.