'अग्निपंख' या आत्मचरित्रातील विमानविद्येचे अध्ययन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अरुण तिवारी यांच्या सहकार्याने सिद्ध केलेले 'विंग्ज ऑफ फायर' हे आत्मचरित्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. माधुरी शानभाग यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'अग्निपंख' या नावाने राजहंस प्रकाशनाने वाचकांसमोर आणला. अनुवादित चरित्रवाङ्मयात इतका मोठा वाचकवर्ग लाभलेले ग्रंथ मराठीत थोडेच आहेत. कलामांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होऊ लागला आणि हे पुस्तक शालेय वाचनाचा जणू अधिकृत भागच झाले. त्याच्यावर लिहिले-बोलले गेलेही पुष्कळ. मात्र बहुतेक विवेचन 'प्रेरणादायी' या एका विशेषणापाशी येऊन थांबते. हा ग्रंथ मुळात एका विद्येच्या अध्ययनाचा वृत्तांत आहे, याकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात 'अग्निपंख'चा विचार त्या अंगाने केला आहे.

हा विचार करताना एक वाचक समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव. अशा गावातून दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञान आणि गणित एकाएकी इंग्रजीतून सामोरे येते. विमान किंवा अग्निबाण यांविषयी मराठीतून त्याच्या हाती पडण्याची सर्वाधिक शक्यता असलेले पुस्तक म्हणजे 'अग्निपंख'. या वाचकाला ते नेमके काय देते, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही.

अध्ययनाचे चित्रण

ग्रंथातील सर्वांत परिचित प्रसंग म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रवेशाचा. सुमारे एक हजार रुपयांची तजवीज करण्यासाठी बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. हा प्रसंग भाषणांतून वारंवार सांगितला जातो आणि ते रास्तही आहे. शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला त्यासाठी कोणत्याही टिपेची गरज पडत नाही. परंतु त्या बांगड्यांच्या मोबदल्यात जे शिक्षण मिळाले, त्याच्या वर्णनाशी आपले वाचन सहसा पोहोचत नाही.

ते वर्णन संक्षिप्त असले तरी नेमके आहे. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेत असताना पदार्थविज्ञान हा आपला अंतिम विषय नव्हे, हे लेखकाच्या उशिरा ध्यानात येते. संस्थेच्या आवारात सेवेतून काढलेली दोन विमाने ठेवलेली आहेत. इतर विद्यार्थी वसतिगृहाकडे परतल्यावरही तो त्यांच्याजवळ बसून राहतो. पुढे तीन अध्यापक येतात. स्पाँडर उपयोजित वायुगतिकी शिकवतात, पंडालै विमानाच्या सांगाड्याची रचना व तिचे विश्लेषण, तर नरसिंह राव सैद्धांतिक वायुगतिकी. नरसिंह रावांच्या तासांनंतर लेखकाला गणिती पदार्थविज्ञान हा विषय इतर सर्व विषयांहून प्रिय वाटू लागतो. ज्याला 'स्वप्नांचा माणूस' म्हणून आपण ओळखतो, त्याने आपल्या जडणघडणीचे श्रेय गणिताच्या एका अध्यापकाला द्यावे, ही बाब कोणत्याही फलकावर लिहिलेली आढळत नाही.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस कमी उंचीवरून हल्ला करणाऱ्या विमानाच्या आराखड्याचे काम येते. चार सहकाऱ्यांसह कामाची वाटणी होते. वायुगतिकीय आराखडा व त्याची रेखाटने लेखकाकडे; प्रणोदन, रचना, नियंत्रण आणि उपकरणयोजना इतरांकडे. प्रा. श्रीनिवासन काम पाहून असमाधान व्यक्त करतात. लेखक महिन्याची मुदत मागतो, त्याला तीन दिवस मिळतात. काम झाले नाही तर शिष्यवृत्ती बंद होणार असते. रात्रीचे जेवण टाळून तो ड्रॉइंग बोर्डापाशी उभा राहतो. हा प्रसंगही जिद्दीचे उदाहरण म्हणूनच सांगितला जातो. वस्तुतः त्यात विद्यापीठीय विमानविद्येचे सारे स्वरूप सामावले आहे. विमान एकट्याने रचता येत नाही. पंखाचा आकार बदलला की सांगाड्यावरील भार बदलतो. भार बदलला की वजन, आणि वजन बदलले की इंजिनाची गरज. एकाचा उशीर म्हणजे सर्वांचा उशीर. श्रीनिवासन यांचा राग या साखळीच्या संदर्भात वाचला पाहिजे. एरवी तो निव्वळ कठोर गुरूचा ठोकळेबाज प्रसंग ठरतो.

वैमानिक आणि विमान अभियंता यांतील भेदही या ग्रंथाइतका स्पष्ट मराठीत क्वचितच मांडला गेला असेल. डेहराडूनच्या निवड मंडळापुढे २५ उमेदवारांत लेखक नववा येतो आणि जागा आठ असतात. तो वैमानिक होत नाही. दरमहा २५० रुपये मूळ वेतनावर वरिष्ठ वैज्ञानिक साहाय्यक म्हणून नोकरी धरतो. ग्रामीण भागात 'विमानाचे शिक्षण' या शब्दांत अद्यापही दोन्ही गोष्टी एकत्र मोडतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च मोठा असतो. वायुअवकाश अभियांत्रिकीची पदवी हा सर्वस्वी निराळा मार्ग असून मुंबईची आय.आय.टी. किंवा २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे स्थापन झालेली भारतीय अंतराळविज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांचे दार प्रवेशपरीक्षेतून उघडते. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा वऱ्हाडात हा भेद समजावून सांगण्याची निकड वाढली आहे.

नवलकथेची परंपरा

मराठी वाचनाला ही सवय 'अग्निपंख'नेच लावली असे नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा अभिमानाने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाची साक्ष या संदर्भात काढली जाते, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, तसेच ग्रंथही विसाव्या शतकातील आहे, असा निर्वाळा दिला. तरीही २०१५ च्या 'हवाईजादा' या हिंदी चित्रपटाने तीच कथा पुन्हा रंगवली. कॅप्टन अमोल यादव यांचे कार्य याहून वेगळ्या कोटीतले, कारण कांदिवलीच्या चारकोपमधील गच्चीवर त्यांनी बांधलेल्या विमानाला नोव्हेंबर २०१७ मध्ये रीतसर नोंदणी मिळाली. तथापि, त्यांच्याविषयीच्या लेखनातही गच्ची जितकी ठळक दिसते तितकी आकडेमोड दिसत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' (जून २०१६) आणि मुंबई आय.आय.टी.चा 'प्रथम' (सप्टेंबर २०१६) हे उपग्रह अवकाशात गेले. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या त्या कामावर एखादे आत्मकथन मराठीत यावयास हवे होते.

ग्रंथाच्या मर्यादा

सारा दोष वाचकाचा आहे, असेही म्हणता येणार नाही. 'अग्निपंख'मध्ये उपदेशाची पाने पुष्कळ आहेत आणि अध्ययनाची मोजकी. गणित प्रिय झाले असे लेखक सांगतो. कोणते गणित, कुठे अडले, कसे सुटले, हे सांगत नाही. जयंत नारळीकर यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राशी तुलना केल्यास ही उणीव जाणवते. केंब्रिजमधील ट्रायपॉस परीक्षेची तयारी तेथे अभ्यासाच्या तपशिलांसह येते. मात्र अपयशाच्या चित्रणात 'अग्निपंख' सरस ठरते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ हा अग्निबाण ३१७ सेकंदांत समुद्रात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील झडपेत कचरा अडकला आणि आम्लगळती झाली. लेखक कारणाचा माग काढत त्या झडपेपर्यंत पोहोचतो आणि जबाबदारी स्वतःकडे घेतो. १८ जुलै १९८० च्या यशापेक्षा ही पाने अधिक शिकवणारी आहेत.

परिभाषेचा प्रश्न

येथे एका शब्दाची नोंद घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. मराठी विश्वकोशातील विज्ञानविषयक नोंदींत 'प्रेरणा' हा शब्द आज पाठ्यपुस्तकांत ज्याला 'बल' म्हणतात त्या अर्थाने येतो. 'केंद्रोत्सारी प्रेरणा' हा त्याचाच प्रयोग. ही प्रेरणा मोजता येते, तिला परिमाण असते आणि दिशाही. 'अग्निपंख'ला लावलेल्या विशेषणातली प्रेरणा अशी मोजता येत नाही. वाईहून विश्वकोशाचे खंड १९७६ पासून निघू लागले आणि विमान, द्रायुयामिकी यांसारख्या विषयांची परिभाषा मराठीत घडली. पण अकरावीचा वर्ग इंग्रजीत गेल्यामुळे ती वर्गात बोलली गेली नाही.

म्हणूनच ग्रंथातील एका लहानशा प्रसंगाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. संस्थेच्या तमिळ संघाने निबंधस्पर्धा जाहीर केली होती. कलामांनी 'आपले विमान आपणच बनवू या' या आशयाचा निबंध लिहिला आणि 'आनंद विकटन' या लोकप्रिय साप्ताहिकाचे संपादक देवन यांच्या हस्ते त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. विमानविद्या इंग्रजीतून शिकत असलेल्या त्या विद्यार्थ्याने तो निबंध तमिळमध्ये लिहिला होता.